ऑल्टोमधील स्टिरिओचे वायरिंग : कामाच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

गाडी २००९ सालची ऑल्टो आणि तिचा मुक्काम रत्नागिरीत. कंपनीकडून आली तेव्हा तिच्यात स्टिरिओ नव्हता. गाडी घेतली त्याच वर्षी तो बाहेरच्या दुकानातून बसवून घेतला होता. त्या जुन्या सेटने गेल्या पावसाळ्यात एक सीडी गिळली ती परत दिलीच नाही, म्हणून मे महिन्यात ब्लूटूथ आणि यूएसबी असलेला नवा सेट घेतला. तो एका दुकानात अर्ध्या तासात बसवून मिळाला. काम इतक्या लवकर झाले याचे त्या दिवशी कौतुक वाटले होते.

त्यानंतर दोन तक्रारी सुरू झाल्या. गाडी पाच-सहा दिवस जागेवर उभी राहिली की सेल्फ नुसता कण्हतो आणि धक्का मारावा लागतो. दुसरी तक्रार अशी की आवाज अर्ध्याच्या वर नेला आणि गाण्यात ढोलकीचा किंवा ढोलाचा ठोका आला की सेट क्षणभर काळा पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दुकानदाराकडे दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी बॅटरी बदला म्हणून सांगण्यात आले आणि दुसऱ्या वेळी आवाज कमी ठेवा म्हणून. बॅटरी दीड वर्षाचीच आहे. वडील रोज गाडी काढत नाहीत, आणि भर पावसात गाडीला धक्का मारण्याचे त्यांचे वय राहिलेले नाही, त्यामुळे हे काम आता स्वतःच हातात घेतले आहे. काय पाहिले, काय मोजले आणि कुठे चुकलो ते इथे लिहून ठेवत आहे.

९ जून, रविवार

सर्वांत आधी दहाच्या पान्याने बॅटरीचे मायनस टर्मिनल सोडवले. क्रम असाच ठेवायचा असतो, कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेले असताना प्लसचा नट सोडवायला गेलो आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून वाहतो. जोडताना क्रम उलटा, म्हणजे प्लस आधी आणि मायनस शेवटी.

सेट बाहेर ओढल्यावर मागे जे दिसले त्याचा आधी फोटो काढून घेतला. नव्या सेटबरोबर आयएसओ १०४८७ पद्धतीचा, म्हणजे गाडीच्या स्टिरिओसाठी ठरलेल्या मानकाचा, तयार प्लग आला होता, पण तो कापून प्रत्येक वायर जुन्या वायरीला नुसती पिळून जोडली होती आणि वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. उन्हाने टेपचा चिकटा पाघळून वायरींवर ओघळला होता, काही जोडांवरची टेप बोटाच्या स्पर्शाने फिरत होती, आणि एक टेप हातात घेताच अख्खी नळीसारखी निघून आली.

पहिल्या तक्रारीचे कारण तिथेच दिसले. अशा सेटला दोन वेगळे प्लस लागतात. पिवळी वायर कायम चालू असलेल्या करंटची. सेटला लागणारी खरी वीज तिच्यातून येते आणि घड्याळ, स्टेशने, आवाजाची मांडणी हे सगळे तिच्याच जोरावर लक्षात राहते. लाल वायर चावीच्या करंटची. चावी फिरली की सेटने जागे व्हायचे आणि चावी काढली की झोपायचे, एवढाच निरोप ती देते. आमच्या गाडीत पिवळी आणि लाल एकत्र पिळून एकाच वायरीला जोडल्या होत्या आणि ती वायर चावी नसतानाही जिवंत होती. म्हणजे चावी काढली तरी सेटच्या दृष्टीने गाडी चोवीस तास चालूच. बटण दाबून पडदा काळा केला तरी आतली यंत्रणा जागीच राहते. दुकानदाराने असे का केले असावे याचा अंदाज येतो : चावी न लावता गाणी ऐकता येतात म्हणून गिऱ्हाईक खूश होते आणि डॅशबोर्डखाली वाकून चावीचा करंट शोधण्याचे कष्ट वाचतात.

खात्रीसाठी मोजणी केली. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीचे मायनस टर्मिनल आणि त्याची क्लॅम्प यांच्या मध्ये जोडला, दारे लावून घेतली आणि वीस मिनिटे थांबलो. आकडा १९० मिलिअँपिअरवर स्थिरावला. सेटच्या पाठीवरचा फ्यूज काढताच तो २० वर आला. उभ्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आतला वापर सर्वसाधारण मानला जातो, आणि इथे एकटा सेट १७० खात होता. १९० मिलिअँपिअर सहा दिवस म्हणजे १४४ तास वाहिले, तर सुमारे २७ अँपिअर-तास होतात. बॅटरी आहे ३५ अँपिअर-तासांची. नवी बॅटरी घेतली असती तर तीही सातव्या दिवशी तशीच आडवी झाली असती.

१५ जून, शनिवार

आज लाल वायर वेगळी केली. चावीचा करंट सिगारेट लायटरच्या फ्यूजवर मिळेल असा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. चावी बंद असताना तिथे शून्य, पहिल्या टप्प्यावर १२.४ व्होल्ट, दुसऱ्या टप्प्यावरही तेच, आणि सेल्फ मारताना पुन्हा शून्य. हे शेवटचे शून्य मुद्दाम लिहून ठेवत आहे, कारण सेल्फ मारताना सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो हा दोष नव्हे. इंजिन फिरवण्यासाठी बॅटरीची ताकद राहावी म्हणून चावीच तेवढा वेळ बाकीच्या गोष्टी तोडते. लायटरच्या फ्यूजच्या जागी फ्यूज टॅप, म्हणजे त्याच जागेतून आणखी एक वायर काढून देणारा जोड, बसवला, त्याच्या दुसऱ्या खाचेत तीन अँपिअरचा फ्यूज घातला आणि लाल वायर तिथून नेली. लाल वायरीतून जाणारा करंट मोजला तर शंभर मिलिअँपिअरही भरला नाही.

त्यानंतर उभ्या गाडीचा वापर मोजायला मीटर पुन्हा मायनसमध्ये अडकवला, आणि मी आत हात धुवायला गेलो असताना वडिलांनी, काम झाले असावे अशा समजुतीने, गाडीत बसून सेल्फ मारला. सेल्फचा करंट शंभर अँपिअरच्या घरात जातो आणि मीटरमधला फ्यूज दहाचा. गाडी सुरू झाली नाहीच, पण मीटर मुका झाला. बाबांना बोलण्यात अर्थ नव्हता. चावी मीच खिशात ठेवायला हवी होती. मीटरचा फ्यूज बाजारात शोधून मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. नंतरच्या मोजणीत आकडा २४ मिलिअँपिअर आला. त्याच हिशेबाने सहा दिवसांत साडेतीन अँपिअर-तासही होत नाहीत. पहिली तक्रार मिटली असे धरायला हरकत नाही, पण गाडी आठवडाभर उभी राहिल्याशिवाय तसे लिहिणार नाही.

१६ जून, रविवार

दुसऱ्या तक्रारीत सगळा दिवस गेला आणि हाती काही लागले नाही. सेट काढून पिवळ्या वायरीवर मीटर लावला, दुसरे टोक सेटच्या काळ्या वायरीवर ठेवले : १२.४ व्होल्ट. म्हणजे प्लसही ठीक आणि अर्थही (बॉडीमार्गे मायनसची जोडणी) ठीक, असे मी समजलो. ही आजची सर्वांत मोठी चूक होती हे सहा दिवसांनी कळले.

पुरवठा निर्दोष मानल्यामुळे संशय स्पीकरांवर गेला. चारही जोड्या मोजल्या, ३.६ ते ३.८ ओहम, म्हणजे चार ओहमचे स्पीकर म्हणून योग्यच. कोणतीही स्पीकर वायर बॉडीला टेकलेली नाही हेही तपासले. हे तपासणे आवश्यक असते, कारण आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या मायनस वायरीवरही वीज खेळत असते आणि ती बॉडीला लागली तर सेटचा अँप्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो किंवा जळतो. फार जुन्या गाड्यांमध्ये स्पीकरचे मायनस सरळ बॉडीला जोडत असत. तसे वायरिंग नव्या सेटला कधीही जोडू नये.

सेटच्या खोक्यावर ‘४ गुणिले ५० वॅट’ असे ठळक छापलेले आहे. पाठीवरचा फ्यूज मात्र दहा अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी दहा अँपिअरला १४४ वॅट होतात, आणि ते आत जाणारे. त्यातला बराच भाग उष्णता म्हणून वाया जातो. मग बाहेर दोनशे वॅट कुठून येणार? सरळ हिशेब केला तर चार ओहमच्या स्पीकरला असा सेट सलग वीस-बावीस वॅट देतो आणि आमच्या एवढ्याशा गाडीला ते भरपूर आहेत. अर्थात खोक्यावर बावीस छापले तर खोके कोण उचलणार.

२२ जून, शनिवार

आज दोष सापडला, तोही चुकून. सेट अर्धा बाहेर लोंबत असताना मध्यम आवाजात गाणे लावले होते आणि मागची जागा मोकळी करण्यासाठी अँटेनाचा प्लग उपसला, तर सेट तत्क्षणी बंद पडला. प्लग परत खोचला, सेट सुरू झाला. पुन्हा काढला, पुन्हा बंद. तीन वेळा करून पाहिले. रेडिओ लावलेलाच नव्हता, गाणे यूएसबीवरचे होते. म्हणजे अँटेनाचा त्या गाण्याशी काहीही संबंध असायला नको होता. प्लगचा धातू बोटांना कोमट लागला, आणि रेडिओच्या सूक्ष्म लहरी वाहणारी वायर कोमट लागण्याचे काही कारण नाही.

हे सांगायला शेजारच्या काकांकडे गेलो. ते एस. टी.च्या आगारात गाड्यांचे वायरिंग करून निवृत्त झालेले आहेत. पिवळ्या वायरीवर १२.४ व्होल्ट पूर्ण येतात हे मी जरा ठासून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, मीटर काय खातो? त्याला घोटभर पाणी पुरतं. नळाला धार आहे का ते बघायचं तर खाली बादली लाव.” आणि त्यांनी कपाटातून हेडलाइटचा एक जुना एच४ बल्ब काढला, ज्याच्या पायांना त्यांनीच दोन लांब वायरी डाग देऊन जोडलेल्या होत्या. बल्ब ६०/५५ वॅटचा. ५५ वॅटची तार जोडली की साडेचार अँपिअरच्या आसपास खेचतो, म्हणजे मोठ्या आवाजात सेट जेवढे खेचत असेल तेवढेच.

सेट आणि अँटेना दोन्ही सोडवून आम्ही तो बल्ब आधी पिवळी वायर आणि थेट बॅटरीचे मायनस यांच्यात लावला. पांढराशुभ्र पेटला, मीटरवर ११.८ व्होल्ट. मग पिवळी तशीच ठेवून दुसरे टोक सेटच्या काळ्या वायरीला लावले. बल्ब पेटला खरा, पण देवघरातल्या समईसारखा पिवळट-तांबूस. त्याच्या दोन पायांवर ७.३ व्होल्ट होते. मग मीटरचे एक टोक काळ्या वायरीवर आणि दुसरे बॅटरीच्या मायनसवर ठेवले. दोन्ही ठिकाणी मायनसच असल्यामुळे आकडा शून्याजवळ हवा, फार तर ०.१ व्होल्ट. तो ४.५ आला.

म्हणजे काळी वायर बॉडीपर्यंत पोहोचत होती, पण वाटेत कुठेतरी सव्वा ओहमचा अडथळा होता. सव्वा ओहम ऐकायला काहीच वाटत नाही. मीटरचा स्वतःचा रोध दहा मेगाओहम, त्यामुळे मोजताना वायरीतून जेमतेम एक मायक्रोअँपिअर वाहतो आणि सव्वा ओहमवर त्याचा मागमूसही लागत नाही. गेल्या रविवारी म्हणूनच मला पूर्ण १२.४ दिसले. तेच साडेतीन-चार अँपिअर वाहू लागले की साडेचार-पाच व्होल्ट तिथेच जिरतात.

अँटेनाचे कोडेही यातच सुटले. अँटेनाच्या वायरीची बाहेरची जाळी पलीकडच्या टोकाला बॉडीला जोडलेली असते आणि अलीकडच्या टोकाला सेटच्या पत्र्याला. काळ्या वायरीची वाट अडली तेव्हा करंटने ही आडवाट धरली होती. कमी आवाजात ती पुरत होती. ढोलाचा ठोका आला की तीही पुरत नव्हती. दुकानात बसवताना सेट ‘चालला’ तो या उसन्या अर्थवर. वेगळा अँप्लिफायर असता तर सिग्नलच्या वायरीच्या जाळीने हेच काम केले असते आणि तिथे तर सेटच्या आतली बारीक पट्टी जळून जाते, असे काकांनी सांगितले.

२३ जून, रविवार

काळ्या वायरीचा माग काढायला डॅशबोर्डचा खालचा पत्रा काढावा लागला. पायांजवळ उताणा पडून, तोंडात टॉर्च धरून पाहिले, तर वायर एका रंगवलेल्या पट्टीपर्यंत गेली होती. तिथे लग किंवा थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) असे काहीही नव्हते. वायरीचे टोक सोलून तारा एका लहान स्क्रूभोवती गुंडाळल्या होत्या आणि स्क्रू रंगावरच पिळला होता. रंग वीज वाहू देत नाही. धातूचा स्पर्श होता तो केवळ स्क्रूच्या आट्यांना. पंधरा वर्षांच्या खाऱ्या हवेने आटे गंजले होते आणि तांब्याच्या तारांवर हिरवी भुकटी जमली होती, कल्हई उडालेल्या पितळी भांड्याला येतो तसा कळंक. मी तारा जराशा ओढल्या तर निम्म्या तुटून हातात आल्या. जुना सेटही याच स्क्रूवर चालत होता आणि नवा बसवताना तिथपर्यंत कोणी वाकून पाहिलेच नव्हते.

ती जागा सोडून दिली. बाजूच्याच जाड ब्रॅकेटवर, जो थेट बॉडीला वेल्ड केलेला आहे, एक मोकळे आट्यांचे भोक होते. त्याच्याभोवतीचा रंग पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात घासून चकचकीत पत्रा काढला. २.५ चौरस मिलिमीटरची नवी काळी वायर, साठ सेंटिमीटर लांब, तिच्या टोकाला गोल लग नीट दाबून बसवला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि सगळे घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीन फासले. व्हॅसलीन आधी लावायचे नाही. आवळल्यानंतर लावायचे, म्हणजे ओल बाहेर राहते आणि धातू धातूला भिडलेला राहतो.

काकांचा बल्ब पुन्हा लावला. या वेळी काळ्या वायरीवरही तो पांढरा पेटला. काळी वायर आणि बॅटरीचे मायनस यांच्यातला फरक ०.०४ व्होल्ट. काल ४.५ होता. अँटेना काढून, आवाज शेवटपर्यंत नेऊन दहा मिनिटे सेट वाजवला. बंद पडला नाही. शेवटी घरातूनच आवाज आला की पुरे.

३० जून, रविवार

उरलेले जोड उलगडून नवे केले. कापलेला प्लग टाकून नवा आयएसओ प्लग आणला. त्याच्या पायांच्या जागा आणि बहुधा वायरींचे रंगही ठरलेले असतात, त्यामुळे पुढे कोणी सेट बदलला तर काही कापावे लागणार नाही. तरीही रंगावर विसंबून न राहता प्रत्येक वायर जोडण्याआधी मोजली, कारण काही कंपन्यांच्या गाड्यांत पिवळ्या आणि लाल वायरीच्या जागा, म्हणजे चौथा आणि सातवा पाय, अदलाबदल केलेल्या असतात आणि मग दर वेळी चावी काढली की सेट सगळे विसरतो. प्रत्येक जोडाला डाग देऊन वर श्रिंक स्लीव्ह आकसून बसवली.

पिवळ्या वायरीत बल्ब लावल्यावर ०.६ व्होल्ट जिरत होते. त्यातला मोठा भाग पिळलेल्या जोडात होता; तो जोड नवा केल्यावर ०.२५ उरले. बॅटरीपासून थेट नवी जाड वायर ओढावी का, याचा विचार केला आणि सोडून दिला. वेगळा अँप्लिफायर बसवायचा असता तर ती ओढलीच असती, आणि मग तिचा फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीत-दीड वीत अंतरातच ठेवावा लागला असता, कारण वायर इंजिनच्या बाजूला कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागू शकते आणि सेटच्या पाठीवरचा फ्यूज तिथे काही करू शकत नाही. एवढ्या सेटला आहे ती पुरते.

इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट येतात. रेडिओवर थोडी खरखर होती. ती लायटरच्या खाचेतला मोबाइलचा स्वस्त चार्जर काढल्यावर गेली. चार्जर बदलला.

७ जुलै, रविवार

गेल्या रविवारी संध्याकाळी गाडी उभी केली ती आज सकाळी काढली. आठवडाभर पावसाने उसंत दिली नाही, त्यामुळे परीक्षा आपोआप झाली. दार उघडण्याआधी बॉनेटखाली मोजले : १२.४७ व्होल्ट. सेल्फ पहिल्या फटक्याला लागला. सेटचे घड्याळ मोबाइलशी जुळत होते आणि स्टेशने जागच्या जागी होती. काळ्या वायरीचा फरक बल्ब लावून पुन्हा मोजला, ०.०४ व्होल्ट. दुपारी काकांचा बल्ब परत करायला गेलो, तर त्यांनी तो ठेवून घेतला आणि म्हणाले, “स्वतःचा एक बनव आता.”

नारिंगी वायर अजून जोडलेली नाही. तिला हेडलाइटच्या स्विचकडून करंट मिळाला की रात्री पडद्याचा उजेड कमी होतो. सध्या तिचे टोक स्लीव्ह घालून बंद करून ठेवले आहे. रात्री निळा पडदा डोळ्यांवर येतो अशी वडिलांची तक्रार आहे, म्हणून पाऊस थोडा उघडला की पार्किंग लाइटचा फ्यूज शोधायचा आहे. या वेळी मीटर लावताना चावी माझ्या खिशात असेल.